असिस्ट डॉट ऑर्ग: कोणता कोर्स ते कळतं, कधी घ्यायचा ते आपण बसवायचं

गेल्या गणपतीत आरती झाल्यावर एका मैत्रिणीने मला बाजूला घेतलं. मुलगा बारावीत आहे, त्याला मेकॅनिकल करायचंय, थेट यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, चार वर्षांचा खर्च झेपणार नाही. "तुझ्या लेकीचं कम्युनिटी कॉलेजातून कसं जमवलंत गं?" मी तिथल्या तिथे फोनवर असिस्ट डॉट ऑर्ग, म्हणजे कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स युनिव्हर्सिटीत धरला जातो ते सांगणारी साइट, उघडून दाखवली. पण प्रसादाच्या गडबडीत निम्मं सांगायचं राहून गेलं. ते इथे लिहिते, म्हणजे तिच्यासारख्या आणखी कुणाला उपयोग होईल.

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. पहिली दोन वर्षं तिथे करायची आणि तिसऱ्या वर्षाला यूसी किंवा कॅल स्टेटला (राज्याच्या दुसऱ्या सरकारी युनिव्हर्सिटीला) जायचं, हा इथला रुळलेला रस्ता. राज्याच्या रहिवाशाला सेमिस्टरवाल्या कॉलेजात युनिटला (कोर्सचं वजन मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात. आपल्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला जातात, तसंच थोडंफार. पण डिप्लोमाला कुठला विषय कुठल्या सेमिस्टरला ते बोर्ड ठरवतं, मुलाने फक्त वर्गात जाऊन बसायचं. इथे विषयही आपणच निवडायचे आणि त्यांचा क्रमही आपणच लावायचा. माझा स्वतःचा डिप्लोमा नाशिकचा, त्यामुळे हा फरक माझ्या उशिरा लक्षात आला.

असिस्ट ही राज्याची अधिकृत साइट. फुकट आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. वर्ष निवडायचं, आपलं कॉलेज निवडायचं, कुठे जायचंय ते निवडायचं आणि मग मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय. समोर करारपत्र उघडतं. डाव्या बाजूला युनिव्हर्सिटीचा कोर्स, मध्ये बाण, उजव्या बाजूला त्याच्याऐवजी चालणारा आपल्या कॉलेजचा कोर्स. हे इतकं स्वच्छ मांडलेलं आहे की इंग्रजीत अडखळणाऱ्या आजीलाही समजावं. आमच्याकडे डायनिंग टेबलावर यूसीच्या पाच कॅम्पसचे पाच प्रिंटआउट महिनाभर पसरलेले होते. बर्कलीच्या पानावर डावीकडे मॅथ ५४ एकटंच उभं, तर उजवीकडे आमच्या कॉलेजचे दोन कोर्स, लिनियर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स, मध्ये ठळक 'अँड'. म्हणजे दोन्ही केले तरच तो एक भरला. यूसीएलएच्या पानावर उलटा प्रकार: आमचं एक मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस तिकडच्या ३२ए आणि ३२बी या दोन्हींच्या जागी चालतं. लेकीने 'अँड' दिसला की पिवळा हायलायटर, 'ऑर' दिसला की हिरवा, असं सगळं रंगवून काढलं. काही ओळींपुढे उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं येतं. आपल्या कॉलेजात त्या तोडीचा कोर्स नाही, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्यांदा बघून मी घाबरले होते, तुम्ही घाबरू नका.

आता मुद्द्याचं. असिस्ट 'काय' ते सांगतं. 'कधी' हे सांगणं त्याचं कामच नाही. कुठला कोर्स आधी झाल्याशिवाय कुठल्या वर्गात बसू देत नाहीत, कुठला फक्त स्प्रिंगला (जानेवारीनंतरच्या सेमिस्टरला) लागतो, हे आपल्या कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये आणि मागच्या दोन वर्षांच्या वेळापत्रकांत शोधावं लागतं. आम्ही ते शोधलं नाही, आणि लेकीचं एक वर्ष गेलं.

पहिल्या सेमिस्टरच्या आधी तिला कॉलेजच्या काउन्सेलरकडे अर्धा तास मिळाला. "आधी जनरल एज्युकेशन उरकून घे, मेजरचं नंतर बघू," असा सल्ला मिळाला. जनरल एज्युकेशन म्हणजे मेजर कुठलंही असो, सगळ्यांना लागणारे विषय. बाई चांगल्या मनाच्या होत्या. इतिहास किंवा इंग्रजीत मेजर करणाऱ्याला तो सल्ला चाललाही असता. इंजिनिअरिंगला तो घातक आहे. लेकीने पहिल्या फॉलला (ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सेमिस्टरला) इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास, कलेचा इतिहास आणि सोबत प्रीकॅल्क्युलस, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीचं गणित, घेतलं. सगळीकडे ए. आम्ही खूश.

मग साखळी मोजली. फिजिक्सचा पहिला कोर्स, मेकॅनिक्स, पहिलं कॅल्क्युलस झाल्याशिवाय घेऊ देत नाहीत. दुसरा, इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमचा, पहिला झाल्याशिवाय नाही. तिसरा दुसऱ्यानंतर. म्हणजे फिजिक्सची एकामागोमाग तीन सेमिस्टर, आणि त्यांच्या आधी कॅल्क्युलसचं एक. चार सेमिस्टरचे चार डबे तिथेच भरले. प्रीकॅल्क्युलसला मध्ये जागाच उरत नाही. स्प्रिंगला तिने पहिलं कॅल्क्युलस केलं, समरला घाम गाळून दुसरं उरकलं, गणित रुळावर आणलं. पण तिच्या कॉलेजात समरला फिजिक्स लागतच नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी गणित पूर्ण, स्टॅटिक्स हा इंजिनिअरिंगचा कोर्सही झालेला, आणि तिसरं फिजिक्स तेवढं बाकी. जिथे तिचं मन होतं तिथे ते हवंच होतं.

एका सेमिस्टरने मागे पडलं तर सहाच महिने जातील असं मला वाटलं होतं. तसं होत नाही. यूसीचे बहुतेक कॅम्पस ट्रान्सफरची मुलं फॉललाच घेतात, आणि लागणारे कोर्स साधारणपणे त्याच्या आधीच्या स्प्रिंगअखेर संपलेले असावे लागतात. मधल्या समरवर भिस्त ठेवता येत नाही. पहिल्या फॉलला जो एक कोर्स चुकीच्या जागी बसला, त्याने अख्खं वर्ष खाल्लं. लेक त्या रात्री काही बोलली नाही. सकाळी पाहिलं तर रंगवलेले सगळे कागद तिने फाइलला लावून ठेवले होते.

अजून एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचा असतो. दोन वर्षांत जाणाऱ्या मुलाच्या हातात तेव्हा फक्त पहिल्या वर्षाचे मार्क असतात. बाकी सगळं 'चालू' किंवा 'घेणार' असं लिहायचं, आणि फॉलचे मार्क जानेवारीच्या अपडेटमध्ये कळवायचे. अर्ज वाचणाऱ्याला पहिल्या वर्षात दोन कॅल्क्युलस आणि एक फिजिक्स दिसलं पाहिजे, कलेच्या इतिहासातला ए नाही. यूसीच्या सहा कॅम्पसना प्रवेशाची हमी देणारा टॅगचा (ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी) अर्ज असतो, तो तर त्याहून आधी, १ ते ३० सप्टेंबर. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात येत नाहीत. मेजरवारीही वगळणूक असते, तेव्हा प्रत्येक कॅम्पसचं पान वेगळं वाचा.

मैत्रिणीच्या घरी दुसऱ्या रविवारी गेले ती कालनिर्णय आणि फुलस्केप घेऊनच. चार घरं आखली, आणि मुलाला शेवटच्या घरापासून भरायला लावलं. दुसऱ्या वर्षाच्या स्प्रिंगला तिसरं फिजिक्स. त्याच्या आधीच्या फॉलला दुसरं. त्याच्या आधी पहिलं, सोबत दुसरं कॅल्क्युलस. अगदी पहिल्या घरात पहिलं कॅल्क्युलस. प्रीकॅल्क्युलस चार घरांच्या बाहेर पडलं, शाळा संपल्यावरच्या समरला. मुलगा म्हणाला, "काकू, मग सुट्टी?" सुट्टी नाही, रे. इंग्रजी आणि इतर विषय उरलेल्या फटींत बसले, आणि आरामात बसले. फिजिक्सची तिन्ही एकाच कॉलेजात करायची हेही त्याला लिहून दिलं, कारण काही करारांत ती मालिका म्हणूनच धरलेली असते आणि अर्धी इथे, अर्धी तिथे केली की अडचण होऊ शकते.

साइटला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. तिने सांगितलेला एकही कोर्स लेकीच्या बाबतीत नाकारला गेला नाही, सगळे जसेच्या तसे धरले गेले. लेक आता यूसीच्या एका कॅम्पसवर तिसऱ्या वर्षाला आहे, थर्मोडायनॅमिक्सला वैतागलेली आहे आणि मजेत आहे. अर्धा गुण एवढ्याचसाठी राखला की पहिल्यांदा उघडणाऱ्याला तो कागद म्हणजेच पूर्ण आराखडा वाटतो. आम्हालाही वाटला होता.

प्रिंट काढताना वरचं वर्ष तेवढं तपासा, करार दरवर्षी नव्याने येतात. आणि चार घरं पेन्सिलीनेच भरा. मैत्रिणीच्या मुलाच्या कॉलेजने स्टॅटिक्स फॉलवरून स्प्रिंगला हलवलंय, परवाच तिचा फोन आला होता.