पीसमेकर, काही महिन्यांनी: विमान झकास, टाकीने मात्र वैताग

जॉर्ज ऑल्ड्रिचच्या पीसमेकरचा, म्हणजे हातातल्या तारांवर गोल फिरवायच्या (कंट्रोल लाइन) मॉडेल विमानाचा, प्लॅन तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल, त्यामुळे मापं देत बसत नाही. माझ्या विमानावर मॅकल्सफील्डचं पीएडब्ल्यू 2.49 सीसी डिझेल इंजिन आहे, सेकंडहँड. दिवाळीनंतर पुण्यात उडवायला काढलं.

कौतुक आधी उरकतो. एनसीसीच्या एअर विंगमध्ये कंट्रोल लाइन शिकलो तेव्हा कोलकात्याच्या ऑरोरा इंजिनांनी बोटं सोलून काढली होती. त्या मानाने हे इंजिन साधुसंत आहे. ग्लो प्लग नाही, तो तापवायला बॅटरी नाही, कॉम्प्रेशन स्क्रू थोडा आवळा आणि पंखा मारा. विमानही गुणी. 15.92 मीटरच्या तारांवर एक फेरी बरोबर 100 मीटरची होते, ती हे साधारण चार सेकंदांत मारतं. आजची एफ2डी (आंतरराष्ट्रीय कॉम्बॅट स्पर्धेच्या वर्गातली) विमानं कितीतरी वेगवान असतात, पण मॅचला जाताना ती पोत्याने न्यावी लागतात. पीसमेकर दोनदा नाकावर आपटलं. दोन्ही वेळा फेव्हिकॉल आणि प्लायच्या तुकड्यावर भागलं, पुढच्या रविवारी पुन्हा हवेत. माझ्यासारख्या चिकट माणसाला आणखी काय हवं?

आता टाकी. परदेशातून मागवलेली तयार पत्र्याची टाकी कस्टम्स धरून इतकी महाग पडली की किंमत घरी सांगितलेली नाही. आली ती शिवणीतून पाझरत. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, ‘पॅकिंगमध्ये ठीक होती’. पैसे परत नाहीतच. शेवटी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून स्वतः डाग दिला. पाझर थांबला.

तरी त्रास संपेना. सरळ उडताना इंजिन लीन होऊन (इंधन कमी पडून) किंचाळायचं, विमान उलटं केलं की रिच होऊन (इंधन जास्त होऊन) घसा बसल्यासारखं घरघरायचं. कॉम्बॅटमध्ये, म्हणजे एकमेकांच्या विमानाची शेपटीची क्रेप पट्टी कापायच्या खेळात, समोरच्याच्या पट्टीमागे एकदा वर, एकदा खाली वळावं लागतं. एका कटला 100 गुण असतात, आणि माझं इंजिन नेमकं तेव्हाच नाटकं करायचं. टाकीखाली 3 मिमीची पट्टी सरकवून ती स्प्रे बारच्या (इंजिनात इंधन सोडणाऱ्या नळीच्या) पातळीला आणली, तेव्हा दोन्हीकडचा आवाज सारखा झाला. मग फेस. सपाट फ्यूजलाज थरथरतं, त्यात इंधन ताकासारखं घुसळतं आणि नळीत बुडबुडे येतात. टाकी आणि लाकूड यांच्यामध्ये स्पंज घातला. व्हेंट युनिफ्लो केला, म्हणजे हवेची नळी टाकीच्या आत पिकअपच्या (इंधन ओढणाऱ्या नळीच्या) तोंडाशी नेली. फिरताना इंधन बाहेरच्या भिंतीकडे फेकलं जातं, म्हणून दोन्ही नळ्या त्याच कोपऱ्यात. भरून झाल्यावर टाकीचं जादा इंधन बाहेर पडायचं दुसरं भोक बंद करायचं, नाहीतर सगळी मेहनत वाया.

इथवरचं मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी ‘टाकीचा प्रश्न सुटला, पाच तारे’ असं ठोकून देणार होतो. मग मे आला. सकाळी सातला एका झटक्यात सुरू होणारं इंजिन दहानंतर ढिम्म. पुन्हा टाकीवरच संशय. पण टाकी यावेळी निर्दोष निघाली. डिझेलच्या इंधनात एरंडेल, रॉकेल आणि ईथर साधारण समभाग असतात, वर थोडं इग्निशन इम्प्रूव्हर, म्हणजे पेट घ्यायला मदत करणारं रसायन. ईथर 35 अंशांच्या आसपासच उकळतं. डबा उन्हात ठेवला आणि झाकण दोन-चार वेळा उघडलं, की ईथर गेलं, मागे उरलं रॉकेल नि एरंडेल. आता डबा ओल्या फडक्यात, सावलीत, आणि नऊच्या आत गाशा गुंडाळायचा. ईथर मिळवणं ही वेगळीच कटकट. केमिकलवाला दर वेळी असा बघतो, जणू मी घरात काहीतरी भलतंच शिजवतोय.

तारे चारच देतो. कापलेला एक टाकीचा, विमानाचा नाही.

पुढच्या हंगामासाठी रायली वूटनच्या व्हूडू या कॉम्बॅट विमानाचा प्लॅन छापून ठेवलाय. त्याला .35 (घनइंच) ग्लो इंजिन लागतं, म्हणजे प्लग, बॅटरी, मेथॅनॉल, सगळा खर्च वाढणार. पण मेथॅनॉलला रबरी ब्लॅडर (टाकीऐवजी वापरायची फुगणारी पिशवी) चालतो. रॉकेलने तो फुगून बाद होतो म्हणून डिझेलवाल्यांच्या नशिबी पत्रा. जुने कॉम्बॅटवाले फाउंटन पेनातली रबरी शाईची पिशवी वापरायचे. तसली पेनं दुरुस्त करणारं पुण्यात कुणी उरलं असेल, तर खाली सांगा.