पाइप चाळीसचाच, पण जाडी किती?
चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच फिश टँकमध्ये सुमारे 250 लिटर पाणी मावते; काच, वाळू आणि दगड धरले तर स्टँडवर सव्वातीनशे किलोंच्या आसपास भार येतो. हा हिशेब करूनच मी स्टँडचे चित्र घरी काढले आणि 40 मिलिमीटरचा, 2 मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप वापरायचा असे तोंडी ठरवून घराजवळच्या फॅब्रिकेटरला काम दिले. त्याने 25 किलो वजन लावून, किलोला 130 रुपये दराने, 3250 रुपये घेतले. वजन माझ्यासमोर झाले नाही आणि मीही तसा आग्रह धरला नाही.

टँक निम्मा भरल्यावर स्टँडला जरासा हात लागला तरी पाणी बराच वेळ हिंदकळत राही. तक्रार केली तेव्हा ‘मजबुती वाढवू’ म्हणून त्याने वरच्या चौकटीत आणखी दोन आडवे पाइप जोडले आणि 900 रुपये घेतले. डुलणे तसूभरही कमी झाले नाही. अखेर टँक उतरवून स्टँड रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवला, तर नंतरचे दोन पाइप धरूनही तो 17 किलोच भरला. कोपऱ्यावरचा काळा रंग खरवडताच आतून पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली वेल्डिंगचे केवळ दोन-दोन टाके होते.

वजन इतके कमी, म्हणजे पाइप ठरल्यापेक्षा पातळ. ती चोरी होती, पण खरा धोका त्या सांध्यांत होता. आडवे पाइप वरचा भार पेलतात, बाजूचे डुलणे थांबवत नाहीत. सांधे कच्चे असले की चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही. चित्रात तिरप्या पट्ट्या न दाखवण्याची चूक अर्थातच माझी. दुसऱ्या कारागिराने पुट्टी काढून प्रत्येक सांधा चारही बाजूंनी भरला आणि मागे व दोन्ही बाजूंना 25 बाय 3 मिलिमीटरच्या लोखंडी पट्ट्या तिरप्या, फुलीसारख्या लावल्या. फिल्टरसाठी पुढची बाजू मोकळी ठेवली. आता स्टँड हलत नाही.

असे काम देणाऱ्यांनी रंग लावण्याआधी सांधे पाहावेत, वजन समोर करून घ्यावे आणि जाडी पावतीवर लिहून घ्यावी. 40 मिलिमीटरचा 6 मीटर चौकोनी पाइप 2 मिलिमीटर जाडीचा असेल तर 14 किलोंच्या आसपास भरतो, 1.2 चा असेल तर जेमतेम 9. मी काट्याचा आकडा घेऊन गेलो, तेव्हा पहिला फॅब्रिकेटर शांतपणे म्हणाला, “साहेब, पाइप चाळीसचाच आहे ना?” पावतीवर तेवढेच लिहिलेले होते.