हार्डवेअर वॉलेट वर्षभर वापरून: स्क्रीन गेली, बिटकॉइन राहिलं

स्क्रीन गेली. माझ्या हार्डवेअर वॉलेटची, म्हणजे बिटकॉइनची चावी सांभाळणाऱ्या यंत्राची. केबल लावली की लॅपटॉपला यंत्र जोडल्याचं कळतं, म्हणजे आत जीव आहे. पण नखाएवढ्या त्या पट्टीवर एका उभ्या पांढऱ्या रेघेशिवाय काही दिसत नाही. वॉरंटी शिल्लक होती म्हणून कंपनीला ईमेल टाकला. पहिलं उत्तर आलं, ‘फर्मवेअर अपडेट करून पाहा.’ यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या या अपडेटला परवानगी त्याच स्क्रीनवर वाचून द्यायची असते, हे त्यांच्याच माहितीपत्रकात लिहिलंय. मग मूळ पावती, मग यंत्राचा व्हिडिओ, मग ‘जुनं यंत्र परत पाठवा, नवीन परदेशातून येईल, कस्टम्स भरावं लागल्यास ते तुमच्याकडे’. जाण्याचं कुरियर आणि येण्याचं कस्टम्स धरून मी हिशेब मांडला, तर नव्याच्या जवळपास निम्मी किंमत. ही कसली वॉरंटी?

कंपनीचं नाव देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार या जातीच्या सगळ्या स्वस्त यंत्रांना लागू आहे. तक्रार स्क्रीनची आहे, आणि ती मी स्क्रीन जाण्याच्या कितीतरी आधीपासून करते आहे.

या यंत्राचं काम दोनच. चावी, म्हणजे बिटकॉइन हलवायला लागणारं गुपित, आत सांभाळणं आणि पैसे पाठवताना ‘हो, याच पत्त्यावर’ अशी सही करणं. पत्ता म्हणजे इथला खाते क्रमांक. आमच्या नणंदबाईंना वाटायचं की बिटकॉइन त्या डबीत भरून ठेवलेलं असतं. तसं काही नसतं. कोणाकडे किती, ही नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर आहे. डबीत फक्त चावी. तर मग घरात लॅपटॉप असताना या डबीला वेगळे पैसे का मोजायचे? कारण लॅपटॉपवर विश्वास नाही. कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना गुपचूप बदलणारे व्हायरस बरीच वर्षं फिरताहेत. लॅपटॉपच्या पडद्यावर तुम्हाला जे दिसतं ते खोटं असू शकतं. खरं काय ते डबीच्या स्क्रीनवर.

आणि तीच स्क्रीन अशी! बीसी१ने सुरू होणारा नेहमीचा पत्ता ४२ अक्षरांचा असतो. माझ्या यंत्रावर तो तुकड्यातुकड्याने दिसायचा. उजवं बटण दाबून पुढे, डावं दाबून मागे, दोन्ही एकदम दाबले की मंजूर. पुढचा तुकडा वाचेपर्यंत मागचा विसरलेला. मी चष्मा कपाळावर चढवून यंत्र नाकाशी धरायचे आणि आमचे हे लॅपटॉपवरून मोठ्याने वाचायचे. ज्यांनी ही पत्त्याची पद्धत बनवली त्यांनी डोकं लावलंय. बीसी१च्या पुढे एकचा आकडा आणि बी, आय, ओ ही अक्षरं येतच नाहीत, म्हणजे शून्य की ओ हा घोळ नाही. एखादं अक्षर चुकून टंकलं तर वॉलेट पत्ताच नाकारतं. पण व्हायरसने घातलेला चोराचा पत्ता नियमाप्रमाणे अगदी शुद्ध असतो, त्याला ही पडताळणी काय करणार? तिथे डोळेच लागतात. बरेच जण पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून मोकळे होतात. टोकं जुळणारे पत्ते संगणकाने बनवून घेता येतात, म्हणून मी मधलीही बघते. विक्रेत्याच्या पानावर या यंत्राचं कौतुक कशाकशासाठी होतं! रंग, धातूचं कव्हर, ब्लूटूथ. स्क्रीन किती इंची ते खाली बारीक अक्षरांत.

पाठवण्याबद्दल नेहमी विचारतात, चुकून भलतीकडे गेलं तर? गेलं. यूपीआयने चूक झाली तर निदान बँकेत जाऊन भांडता येतं. इथे ज्याच्याकडे गेलं त्याने परत दिलं तरच. मात्र नेटवर्कची फी कमी लावल्यामुळे अडकून पडलेला व्यवहार वेगळा, तो हरवलेला नसतो. वॉलेटमध्ये फी वाढवून तोच पुन्हा पाठवण्याची सोय असते किंवा गर्दी ओसरायची वाट बघायची. नवीन ब्लॉक, म्हणजे नोंद झालेल्या व्यवहारांचा गठ्ठा, सरासरी दहा मिनिटांनी येतो, पण सरासरीच. कधी दोन मिनिटांत, कधी तासभर नाही. आणखी एक प्रश्न येतोच, पूर्ण एक घ्यावं लागतं का? नाही हो. एकाचे दहा कोटी भाग होतात, एका भागाला सातोशी म्हणतात, आणि शंभर रुपयांचंही घेता येतं.

पण शंभर-शंभरचं घेऊन लगेच आपल्या वॉलेटमध्ये ओढू नका. माझा भाऊ तेच करायचा. दर आठवड्याला खरेदी, दर आठवड्याला एक्स्चेंजवरून, म्हणजे बिटकॉइनची खरेदी-विक्री चालते त्या मंचावरून, काढणं. एक तर प्रत्येक वेळी एक्स्चेंजची ठरलेली फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. दुसरं नुकसान मागाहून कळतं. नेटवर्कची फी रकमेवर ठरत नाही, व्यवहार किती जागा व्यापतो त्यावर ठरते, आणि वॉलेटमध्ये आलेली प्रत्येक रक्कम वेगळा तुकडा म्हणूनच पडून राहते. एक तुकडा मोडून सुट्टे परत घेतले तर व्यवहार साधारण १४० व्हर्च्युअल बाइटचा (ही जागा मोजायचं माप) होतो. दहा तुकडे गोळा करून एकीकडे पाठवायचे तर ७२० च्या आसपास. दर बाइटला २० सातोशी असा भाव चालू असेल आणि बिटकॉइन ८० लाखांना धरलं, तर पहिल्याला सव्वादोनशे रुपये लागतील आणि दुसऱ्याला साडेअकराशेच्या वर. रक्कम तीच! २० एप्रिल २०२४ ला, खाणवाल्यांचं, म्हणजे ब्लॉक बनवणाऱ्यांचं, दर ब्लॉकमागचं बक्षीस निम्मं होऊन ३.१२५ बिटकॉइन झालं त्या दिवशी, सरासरी फी शंभर डॉलरच्या वर गेली होती. त्या दिवशी भावाच्या निम्म्या तुकड्यांची किंमत त्यांना हलवण्याच्या खर्चाहून कमी होती. तेव्हा एक्स्चेंजवर थोडं साठू द्यावं, मग एकदम काढावं, आणि भाव एक-दोन सातोशीवर उतरलेला असेल अशा निवांत वेळी तुकडे एक करून घ्यावेत.

एक्स्चेंजवर साठू द्यावं म्हणजे कायमचं नव्हे. २०२४ च्या जुलैत एका मोठ्या भारतीय एक्स्चेंजवर दरोडा पडला, तेव्हा लोकांचे पैसे महिनोन्‌महिने अडकले. मी हे यंत्र घेतलं ते त्यानंतर.

यंत्राच्या किमतीवरून आठवलं. कर भरताना ही किंमत खर्चात दाखवता येत नाही. नेटवर्कची फीही नाही. नफ्यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते, उरलेल्यावर ३० टक्के आणि वर सेस. तोटा झाला तर तो कशातूनही वळता होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. एप्रिल २०२२ पासूनचा हा नियम, आणि त्याच वर्षी जुलैपासून विक्रीवर एक टक्का टीडीएस. एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये नेणं ही विक्री नाही, तेव्हा तिथे कर नाही. कायदेशीर आहे का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर असतं की सरकार ज्यावर इतक्या आवडीने कर घेतं ते बाळगायला बंदी कशी असेल? चलन म्हणून मात्र मान्यता नाही, आणि बुडालं तर रिझर्व्ह बँक येणार नाही.

आता स्क्रीन गेल्यानंतरचं.

कंपनीच्या उत्तरांना वैतागून मी समाजमाध्यमावर चार ओळी लिहिल्या. तासाभरात ‘कस्टमर केअर’वाले दोघं-तिघं संदेशात हजर! फार नम्र. ‘मॅडम, वॉलेट पडताळून देतो, फक्त चोवीस शब्द या फॉर्ममध्ये भरा.’ ते चोवीस शब्द म्हणजेच चावी, यंत्र पहिल्यांदा सुरू करताना कागदावर उतरवून घेतलेली. खरी कंपनी ते कधीच मागत नाही. ज्याने मागितले तो चोर, यात दुसरा विचार करायला जागा नाही.

तेच शब्द घेऊन मी दुसऱ्या कंपनीचं यंत्र आणलं. शब्दांची यादी सगळ्यांची सामायिक असते, २०४८ इंग्रजी शब्द, ‘अबँडन’पासून ‘झू’पर्यंत, आणि पहिल्या चार अक्षरांतच प्रत्येक शब्द ओळखू येतो, त्यामुळे भरणं वाटलं तेवढं जिकिरीचं नाही. शेवटच्या शब्दात आधीच्या शब्दांची पडताळणी दडलेली असते. एखादा चुकला तर यंत्र बहुतेक वेळा अडवतं. मला अडवलं नाही. सगळं हिरवं. शिल्लक: शून्य.

पोटात गोळा आला. ह्यांना हाक मारली नाही, आधी पाणी प्याले. मग आठवलं की एकाच चावीतून पत्त्यांच्या वेगवेगळ्या रांगा निघतात. जुन्या पद्धतीचे पत्ते एकने सुरू होतात, मधल्या काळातले तीनने, आताचे बीसी१ने, आणि प्रत्येक रांगेचा क्रमांक वेगळा: ४४, ४९, ८४. नव्या यंत्राच्या ॲपने ४९ ची रांग उघडली होती, माझे पैसे ८४ वर. खात्याचा प्रकार बदलला आणि सगळं जसंच्या तसं समोर आलं, मधल्या महिन्यांच्या नोंदींसकट.

या क्षणी माझं मत फिरलं हे मान्य करते. यंत्र भंगार, सेवा भंगार, पण रचना पक्की आहे. एका देशातली डबी मेली, दुसऱ्या देशातल्या दुसऱ्याच कंपनीच्या डबीने काम पुढे चालवलं, आणि मधे कोणाची परवानगी लागली नाही, केवायसी नाही, ‘सात कामाच्या दिवसांत’ नाही. बँकेत साधी सही जुळत नाही म्हणून मी जेवढ्या खेपा घातल्यात त्यापुढे हे काहीच नाही. स्क्रीनचा राग तेवढा कायम आहे.

पण त्या शून्याने दुसरं एक भूत उठवलं. मला रांगेचं माहीत होतं म्हणून निभावलं. ह्यांच्या हाती शून्य आलं असतं तर? आमचे हे बारा दिवसांत ‘गेलं ते गेलं’ म्हणून मोकळे झाले असते. नणंदबाई कधीपासून टोकत होत्या, ‘वहिनी, तुमच्या माघारी दादाला यातलं काय कळणार?’ तेव्हा मी ‘कागद आहे ना कपाटात’ म्हणायचे. कागदावर चोवीस शब्द होते. ते कशाचे, कुठे भरायचे, कुठली रांग, एक अक्षर नाही.

२०१८ च्या डिसेंबरात क्वाड्रिगा सीएक्स या कॅनडाच्या एक्स्चेंजचा तिशीतला मालक जेराल्ड कॉटन जयपूरला वारला, आणि ग्राहकांना सांगण्यात आलं की चाव्या त्याच्याबरोबर गेल्या. २०२० मध्ये ऑंटॅरिओच्या नियामकांनी अहवाल दिला की पैसे त्याने आधीच उडवले होते, तो सरळसरळ घोटाळा होता. तरी महिनोन्‌महिने सगळ्यांना ती चाव्यांची गोष्ट पटली, कारण ती अगदी घडण्यासारखी आहे. प्रामाणिक माणसाच्या घरातही.

स्वतःच्या वॉलेटला नॉमिनी नसतो. एक्स्चेंजवर असला तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र किंवा वारसाहक्क यावरच ठरतं. म्हणून मृत्युपत्र केलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. त्यात बिटकॉइन आहे आणि कोणाला द्यायचं एवढंच लिहिलं. शब्द त्यात घालायचे नसतात, मृत्युपत्र उद्या दहा जण वाचणार. शब्द एका ठिकाणी, पिन दुसऱ्या ठिकाणी, आणि तिसरा कागद सूचनांचा. या तिसऱ्यात गुपित काहीच नाही, पण खरा वारसा तोच: कुठल्या प्रकारचं यंत्र घ्यायचं, शब्द कुठे आहेत, रांग ८४, पत्ते बीसी१ने सुरू होतात, शिल्लक शून्य दिसली तर घाबरू नका, खात्याचा प्रकार बदला, इंटरनेटवर कोणाला मदत मागू नका, भाचीला विचारा. शब्दांसोबत जादा पासफ्रेज, म्हणजे आपण ठरवलेला आणखी एक गुप्त शब्द, लावायची सोय असते, ती मी मुद्दाम घेतली नाही. चोरापासून वाचेल, पण ह्यांच्यापासूनही वाचेल.

मग परीक्षा घेतली. नवं यंत्र कोरं केलं, ह्यांच्या हातात कागद दिला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. नव्या यंत्राची स्क्रीन मोठी आहे, बोटाने टंकता येतं, पूर्ण पत्ता एका नजरेत दिसतो. किंमत जवळपास दुप्पट, ती डोळे मिटून द्या असं मीच सांगते, मी, जी कोथिंबिरीसाठी मंडईला दोन फेऱ्या मारते. फक्त आत बॅटरी असलेलं मॉडेल घेऊ नका. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या वस्तूत बॅटरी हवी कशाला? केबलवर चालणारं पुरतं.

जुनं यंत्र परत पाठवलं नाही. आत चावी आहे आणि स्क्रीनशिवाय ती पुसली गेली की नाही हे कळायला मार्ग नाही. पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठेचलं. कंपनीचा ईमेल अजून येतो, ‘आपली तक्रार सोडवली गेली का?’

ह्यांनी शब्द बरोबर भरले. शून्य आलं, कागद पुन्हा वाचला, प्रकार बदलला, शिल्लक दिसली. मग हाक आली, ‘हे विकायचं झालं तर कर भरायला तू कितीला घेतलंस ते कुठे लिहिलंय?’ ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. एक्स्चेंजची सगळी खरेदी-विवरणं त्या रात्री छापून फाइलला लावली, आणि सूचनांच्या कागदावर ‘बिलं: निळी फाइल, एलआयसीच्या पावत्यांच्या खाली’ अशी एक ओळ वाढली.