चेहरा न बदलणारा स्टुडिओ: मडगावातील जुन्या छायाचित्रांच्या दुरुस्तीचा अनुभव

कष्टकऱ्यांच्या घरात जुनी छायाचित्रे फार थोडी सापडतात. आमच्या आजोबांची दोनच आहेत: एक पोर्तुगीज काळातील ओळखपत्रावरचे, नखाहून थोडे मोठे, आणि दुसरे मुरगाव बंदराच्या रेल्वे यार्डात इतर अकरा हमालांसोबत काढलेले, ज्याच्या पाठीवर पेन्सिलीने १९५३ हे साल लिहिले आहे. हे दुसरे छायाचित्र आत्याच्या घरी भिंतीवर टांगलेले असे. पावसाळ्यातील दमट हवेने आणि कसरीने त्याचा खालचा डावा कोपरा खाऊन टाकला होता आणि मागच्या रांगेत चौथे उभे असलेल्या आजोबांच्या गालावर बुरशीचा डाग पसरला होता.

मडगावच्या या स्टुडिओत येण्यापूर्वी मी ते दुसऱ्या एका दुकानात दिले होते. तेथे संगणकाने आपोआप दुरुस्त केलेली जी प्रत मिळाली, तीत आजोबांचा चेहरा गुळगुळीत आणि उजळ झाला होता आणि फाटक्या बनियनच्या जागी कॉलरचा सदरा आला होता. ती पाहून आत्याने विचारले, "हो कोण रे?" (हा कोण?) ती प्रत घरात राहिली असती, तर पुढच्या पिढीने आजोबांना कारकून समजले असते, आणि ज्या पाठीने आमचे घर उभे केले तिची खूणच पुसली गेली असती.

या स्टुडिओच्या मालकांनी प्रथम चौकट उघडली. छायाचित्राचा एक कडेचा भाग काचेला चिकटलेला दिसताच त्यांनी तो ओढून काढण्याचे टाळले आणि काचेसकटच प्रतिमा टिपली. कडांवर जी निळसर, चांदीसारखी झाक आली होती, ती कागदातील चांदी कालांतराने पृष्ठभागावर आल्यामुळे येते आणि स्कॅनरचा प्रकाश तिच्यावरून परावर्तित होतो, असे त्यांनी समजावून सांगितले. म्हणून दोन्ही बाजूंनी तिरके दिवे लावून त्यांनी कॅमेऱ्याने पुन्हा छायाचित्र घेतले. गालावरच्या डागाखालचा भाग त्यांनी ओळखपत्रावरील चेहऱ्याशी ताडून पाहिला. जेथे आधार मिळाला तेथेच भर घातली, आणि ज्या कोपऱ्यात पुढे बसलेल्या एका हमालाचे पाऊल पूर्णपणे नाहीसे झाले होते, तो कोपरा तसाच करडा ठेवला.

मोठी प्रत हाती आली, तेव्हा यापूर्वी कधी न दिसलेल्या गोष्टी दिसल्या. बाराही जण अनवाणी आहेत, चौघांच्या हातात चुंबळ आहे आणि आजोबांच्या चुंबळीला लुगड्याचा काठ आहे, जो आत्याने लगेच आजीचा म्हणून ओळखला. या यार्डातून जाणारा, मुरगावहून गोव्याच्या सीमेलगतच्या कॅसल रॉक स्थानकापर्यंतचा मीटरगेज मार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला होता. १९५५ मध्ये भारताने पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यावर सीमेपलीकडची रेल्वे वाहतूक थांबली आणि आजोबा यार्ड सोडून खनिजाच्या बार्जवर गेले. त्यामुळे यार्डातील आजोबांचे हे एकमेव दर्शन आहे, आणि त्यातील चुंबळ, अनवाणी पाय व फाटकी बनियन जशीच्या तशी राखणे हे माझ्या दृष्टीने या स्टुडिओचे सर्वांत मोठे कौशल्य आहे.

उणिवाही आहेत. काम दहा दिवसांत मिळेल असे सांगितले होते, प्रत्यक्षात साडेतीन आठवडे लागले. प्रथम फक्त जेपीईजी फाइल दिली. प्रतिमेचे बारकावे न गमावता जपणारी टिफ फाइल मला मागून घ्यावी लागली, आणि ती प्रत्येकाने आग्रहाने मागावी. नवी चौकटही त्यांनी काच थेट छायाचित्राला टेकवून बसवली होती. जुनी प्रत काचेला चिकटल्याचे स्वतः दाखवून दिलेल्या कारागिराकडून ही चूक व्हायला नको होती. मी सांगितल्यावर मात्र त्यांनी मध्ये पुठ्ठ्याची किनार घालून ती विनामूल्य बदलून दिली.

दोन प्रती, चौकट आणि फाइली मिळून मला अठराशे रुपये लागले, जे कामाच्या मानाने रास्त वाटले. चतुर्थीपूर्वीच्या आठवड्यांत तेथे फार गर्दी असते, म्हणून त्याआधीच जावे आणि त्याच माणसाचे दुसरे कोणतेही छायाचित्र, कितीही लहान असले तरी, सोबत न्यावे.