आयटीएफ की चॅलेंजर? मराठवाड्यात बसून खालच्या लेव्हलचं टेनिस फॉलो करायचं तर

फेडरर, नदाल रिटायर झाल्यापासून बरेच जण विचारायलेत, की ग्रँड स्लॅम तर बघतोच, पण ज्याची बातमी पेपरात कोपऱ्यात दोन ओळी येते ते खालचं टेनिस फॉलो करायचं तर कुठून सुरुवात करू. नोकरी, शेती, पोरांच्या शाळा सांभाळून सगळंच बघणं होत नाही, त्यामुळं एक काहीतरी धरावं लागतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: मोबाइलवर चॅलेंजर बघा, पण स्वतः जाऊन बघायचं असेल तर आयटीएफ, आणि त्यातबी महिलांची.

पायऱ्या पटकन सांगतो. पुरुषांत सगळ्यात खाली आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, एम १५ आणि एम २५ स्पर्धा, त्याच्यावर एटीपी (पुरुष व्यावसायिक टेनिसची संघटना) चॅलेंजर, ५० पासून १७५ पर्यंत. हा आकडाच जिंकणाऱ्याचे रँकिंग पॉइंट असतो, त्यामुळं हिशोब सोपाय. महिलांत आयटीएफचीच शिडी डब्ल्यू १५ पासून डब्ल्यू १०० पर्यंत जाते आणि त्याच्यावर डब्ल्यूटीए (महिलांची तशीच संघटना) १२५.

चॅलेंजरचा मोठा फायदा म्हणजे मॅचेस एटीपीच्या साइटवर फुकट लाइव्ह दिसतात आणि युरोपातल्या मॅचेस आपल्या दुपारी-संध्याकाळी सुरू होतात, म्हणजे झोपमोड नाही. दुसरं म्हणजे इथला खेळाडू वरच्या दारातच उभा असतो. आता हेच बघा ना, बालेवाडीतली एटीपी २५० ची, म्हणजे चॅलेंजरच्या वरच्या पायरीची स्पर्धा २०२३ नंतर गेली, २०२४ पासून तिथं चॅलेंजर व्हायला लागली, तेव्हा लोक म्हणले आता काय राहिलं पुण्यात. त्याच पहिल्या वर्षी जिंकला मोनॅकोचा व्हॅलेंटिन व्हाशरो, नाव कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याच माणसानं ऑक्टोबर २०२५ मध्ये शांघाय मास्टर्स (ग्रँड स्लॅमच्या खालोखालची स्पर्धा) मारली, रँकिंग २०४, क्वालिफायिंगमधून (मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेरीतून) आलेला, सेमीफायनलला जोकोविचला हरवून आणि फायनलला स्वतःच्या मावसभावाला. बालेवाडीत त्याला ज्यांनी बघितलं असेल त्यांना शांघायची फायनल बघताना काय वाटलं असेल विचार करा! आपला सुमित नागलबी तसाच. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनला क्वालिफाय होऊन ३१ वा सीड (मानांकित) बुब्लिकला हरवलं, १९८९ च्या रमेश कृष्णननंतर स्लॅमच्या सिंगल्समध्ये सीडेड खेळाडूला हरवणारा पहिला भारतीय पुरुष, पण टॉप १०० मध्ये तो आला फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर जिंकून.

आयटीएफ मोबाइलवर फॉलो करणं म्हणजे बहुतेक वेळा लाइव्ह स्कोअरच बघत बसणं, आकडे बदलत राहतात आणि पोरगं कसं खेळायलंय ते काही कळत नाही. पुण्याचा मानस धामणे ट्युनिशियातल्या मोनास्टिरसारख्या ठिकाणी खेळतो, तिथं जवळजवळ दर आठवड्याला स्पर्धा असते, पण घरी बसून रोज स्कोअर रिफ्रेश करायला खरंच लई जीव लागतो. ज्याला एखाद्या पोराचा प्रवास पहिल्या पॉइंटपासून बघायचाय त्यानंच करावं. एम १५ च्या पहिल्या राउंडला हरलं तर पॉइंट शून्य, दुसऱ्या राउंडला गेलं तर एक पॉइंट, आणि अख्खी स्पर्धा जिंकली तर सिंगल्सचे साधारण २,१६० डॉलर, त्यातून टॅक्स, विमान, जेवण, रॅकेटची गटिंग सगळं.

पण कोर्टाशेजारी उभं राहिलं की सगळं उलटं होतं. एंट्री बहुतेक ठिकाणी फुकट, आडवायला कुणी नाही, जाळीला लागून उभं राहा. टीव्हीवर बॉल सावकाश वाटतो, इथं डब्ल्यू ३५ च्या पोरीचा फोरहँडबी कानाजवळून गेल्यासारखा वाटतो आणि प्रत्येक शॉटच्या आधी बुटांचा करकर आवाज येतो, छोट्या छोट्या पावलांचा, तेव्हा कळतं की टेनिस हाताचा कमी आणि पायाचा जास्त खेळ आहे. मॅच हरलेली पोरगी दहा मिनिटांत टॉवेल गळ्यात टाकून रेफ्रीच्या टेबलाशी डबल्सचं विचारत असते, जुनी ग्रिप सोडवत सोडवत. चॅलेंजरच्या स्ट्रीमवर हे दिसत नाही.

आणि महिलांची का म्हणलं, तर आपल्याला तीच जवळ पडते. सोलापुरात महिलांच्या आयटीएफ झाल्यात, तुळजापूरहून ४५ किलोमीटर, धाराशिवहून सकाळच्या एसटीनं गेलं तर संध्याकाळी घरी, लातूरवाल्यांनाबी एका दिवसात जमतं. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर जवळजवळ दरवर्षी असते, ती संभाजीनगरवाल्यांना बरी. शिवाय आपल्या मराठी पोरी यातच खेळायलेत, श्रीरामपूरची ऋतुजा भोसले, जिनं हांगझोऊ एशियन गेम्सला बोपण्णासोबत मिक्स्ड डबल्सचं गोल्ड आणलं, पुण्याची वैष्णवी आडकर, जिनं २०२५ च्या वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्सला सिंगल्सचं ब्राँझ घेतलं. मुंबईची डब्ल्यूटीए १२५ नांदेड-परभणीवाल्यांना देवगिरीनं रात्रीचा प्रवास करून जमेल, तिथं २०२५ ला पंधरा वर्षांची माया राजेश्वरन क्वालिफायिंगमधून सेमीफायनलला गेली होती.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. या लेव्हलची नावं सर्च करायला लागलात की टिप देणारे ग्रुप समोर येतील, आजची मॅच फिक्स आहे, एवढे लावा म्हणून. त्यांच्या नादी लागू नका. कमाई कमी म्हणून फिक्सिंगचा धोका इथंच जास्त, खेळाडूंवर बंदी येते, आणि पैसे बुडालेले लोक हरलेल्या पोरीला इन्स्टावर घाणेरडे मेसेज करतात.

जायचं ठरलं तर आयटीएफच्या कॅलेंडरवर तारीख आणि गाव बघूनच तिकीट काढा, कारण दोन्ही दरवर्षी बदलू शकतात. कोण येणारंय ती यादी अडीचेक आठवडे आधी लागते, पण त्यातली नावं शेवटपर्यंत गळत राहतात, म्हणून एकाच खेळाडूसाठी जाऊ नका. फायनलपेक्षा रविवार-सोमवारची क्वालिफायिंग किंवा मंगळवार-बुधवारचा पहिला राउंड धरा, सगळ्या कोर्टांवर सकाळपासून मॅचेस असतात, एक संपली की दोन पावलावर दुसरी. क्वालिफायिंगला तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटचा टायब्रेक असतो, त्यामुळं मॅच लवकर निकाली लागते आणि परतीची एसटीबी चुकत नाही.