घरातल्या नवशिक्यासाठी पहिली बाईक: स्प्लेंडर, १२५ सीसी की थेट हंटर? (गोव्यातल्या रस्त्यांच्या हिशोबाने)

स्कूटर तर घरोघरी आहेच, पण पोरांना अठरा पुरी झाली की गिअरवाली पाहिजे असते. यंदा आमच्या भाचीचा नंबर. फोंड्यात राहते, कॉलेज फर्मागुडीला, रविवारी दिवाडी बेटावर आजीकडे, आणि बाईसाहेबांनी बोट ठेवलंय रॉयल एनफिल्डच्या हंटर ३५० वर. भाऊजी म्हणतात स्प्लेंडर घ्या नि विषय संपवा. मी मध्ये अडकलोय, म्हणून म्हटलं सगळं एकदा नीट मांडूनच बघू, तुमच्याकडे पण हेच चालू असेल तर कामाला येईल.

लोक शोरूममध्ये शिरले की आधी सीसी विचारतात, मग ॲव्हरेज. मी म्हणतो आधी वजन विचारा. नवशिक्याची गाडी बहुतेक वेळा उभ्याउभ्याच कलंडते, नाहीतर यू टर्न घेताना, पार्किंगमधून मागे ओढताना. स्प्लेंडर प्लस ११२ किलो, होंडाची शाईन १२५ साधारण तेवढीच, टीव्हीएसची रेडर १२३, हिरोची एक्स्ट्रीम १२५आर १३६, आणि हंटर १८१. सीटची उंची मात्र सगळ्यांची ७८० ते ८०० मिमीच्या आसपासच, त्यामुळे शोरूममध्ये बसून पाय टेकले म्हणजे जमलं असं वाटतं, पण तिथली फरशी सपाट असते ना!

दिवाडीची फेरीबोट घ्या. ओहोटी असली की रॅम्प चांगलाच उतरता होतो, खालच्या टोकाला हिरवं शेवाळ, त्यावर बोटीच्या लोखंडी फळीचा खडखडाट, पुढे दोन बायका पिशव्या घेऊन चाललेल्या, मागे पिकअपवाला हॉर्न देतोय, आणि तुम्हाला फर्स्ट गिअरमध्ये अर्धा क्लच धरून पायाने ढकलत ढकलत वर चढायचंय. तिथे ११२ किलोची गाडी कलली तर मांडीने सावरता येते. १८१ किलोची एकदा ठरावीक कोनापलीकडे गेली की जिमवाल्याच्याही हातात राहत नाही. भाचीला म्हटलं, "हंटर घ्यायची ना, आधी मित्राची आडवी पाडून एकटीने उचलून दाखव." तर म्हणते, "मामा, पाडायची कशाला पण?" उत्तर बरोबर आहे म्हणा. पण पडल्यावर उचलायचं कोणी?

आता हंटरच्या बाजूने पण बोलायला हवं, नाहीतर अन्याय होईल. इंजिन ३४९ सीसी, जवळजवळ २० हॉर्सपॉवर, पण त्यापेक्षा कामाची गोष्ट म्हणजे २७ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे गाडी ओढायची ताकद, खालच्या आरपीएमलाच (इंजिन हळू फिरत असतानाच) मिळते, म्हणजे नवशिक्याने क्लच जरा धसमुसळा सोडला तरी गाडी पटकन बंद पडत नाही, चढावर तर फारच आराम. वरच्या मॉडेलला दोन्ही चाकांना एबीएस आहे, म्हणजे ब्रेक गच्च दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे ती आधीइतकी महाग पण राहिली नाही, तरी १२५च्या दीडपट पैसे धरून चाला. ज्याने दोन वर्षं स्कूटर पावसात चालवलीय आणि अंगापिंडाने दणकट आहे त्याला मी अडवणार नाही.

स्प्लेंडरचं काय, तिच्यात चुकण्यासारखं काही नाही, मेकॅनिक वाड्यावाड्यात, पार्ट कुठल्याही दुकानात. आणि एक गोष्ट जिची कोणी चर्चा करत नाही ती म्हणजे चेनचं बंद कव्हर. शाईनला पण आहे. उसगाव-साखळी पट्ट्यात खाणीच्या ट्रकांची लाल माती, किनाऱ्याकडे खारी हवा, उघडी चेन दोन पावसात गंजून करकर करायला लागते आणि नवशिका काही दर आठवड्याला ब्रश घेऊन बसणार नाही. पण ९७ सीसी, चार गिअर. फोंडा ते पणजी हायवेला बाजूने बस गेली की गाडी हलते, आणि मागे माणूस बसवून चोर्ला घाट चढायचा म्हणजे ट्रकच्या मागेच राहायचं, ओव्हरटेकचं नाव काढायचं नाही.

म्हणून माझं बोट १२५ वर. फक्त इथे एक मेख आहे. एबीएसची सक्ती १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना आहे, १२५पर्यंत नुसतं सीबीएस दिलं तरी चालतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचा पण थोडा लागतो. कोरड्यात ठीक. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं ऑइल वर येतं, लाल मातीचा राप झालेला असतो आणि समोर अचानक गुरं बसलेली, तेव्हा नवशिका घाबरून पुढचा ब्रेक गच्च दाबतो आणि चाक लॉक होऊन सरकतं. त्या एका क्षणासाठी एबीएस. एक्स्ट्रीम १२५आर मध्ये ते मिळतं, पण सगळ्या व्हेरिएंटला नाही, सेल्समन स्टॉकमधलीच गळ्यात मारायला बघेल, बुकिंगच्या कागदावर व्हेरिएंटचं नाव लिहून घ्या. वजन शाईनपेक्षा वीसेक किलो जास्त, चेन उघडी, ते मी चालवून घेईन.

यामाहाची एफझेड वगैरे १५० सीसीवाल्या पण बघितल्या, पुढच्या चाकाला एबीएस असतंच, गाडी छान, पण खिसा परवानगी देत असेल तर.

सेकंडहँड घेणार असाल तर नंबरप्लेटचा इतिहास विचारा. रेंटवर फिरलेली, म्हणजे काळी प्लेट पिवळी अक्षरं, खाजगी करून विकायला येते, बाहेरून पॉलिश चकाचक आणि क्लच प्लेट संपलेल्या.

आणि हो, स्कूटरचं विनागिअर लायसन बाईकला चालत नाही, गिअरचा वर्ग वेगळा चढवून घ्यावा लागतो, आधी लर्निंग, मग ३० दिवसांनी टेस्ट. हेल्मेट मागच्याला पण सक्तीचं, तेव्हा दोन चांगल्या आयएसआय हेल्मेटचे पैसे गाडीच्या बजेटमध्येच धरा. भाऊजींना हे पटलंय. भाची अजून हंटरचे व्हिडिओ बघतेय, तिला शनिवारी एक्स्ट्रीमच्या टेस्ट राईडला नेतोय, ते पण शोरूमच्या गल्लीत नाही, फर्मागुडीच्या चढावर.