जुन्या वाड्यात लग्न: देखणेपणाला दहापैकी नऊ, विजेला दोन

कमानी, चौक, कोरीव खांब, फोटो कसे येतात, हे बुकिंग करणाऱ्याला आधीच माहीत असतं. त्यावर इथे काही नाही. शहरातल्या जुन्या वाड्यात लग्न ठरवलं की बजेट फुगतं ते विजेपायी, आणि हे बुकिंगच्या टेबलावर कोणी सांगत नाही.

‘लाइट आहे ना?’ या प्रश्नाला ‘आहे की’ हेच उत्तर मिळतं. विचारायचं ते हे: मंजूर भार (वीज कंपनीने मान्य केलेली कमाल वीज) किती, सिंगल फेज की थ्री फेज (म्हणजे वीज एका तारेने येते की तीन), मेन स्विच किती अँपिअरचा, शेवटचं वायरिंग कधी झालं. १० किलोवॅटचं थ्री फेज कनेक्शन ऐकायला भारदस्त वाटतं. २३० व्होल्टने हिशेब केला तर एका फेजच्या वाट्याला जेमतेम साडेचौदा अँपिअर येतात. केटररची ३ किलोवॅटची एक कॉफी मशीन त्यातले १३ खाते. त्याच फेजवर साउंडवाल्याने प्लग खुपसला की अर्धा वाडा अंधारात. मग व्यवस्थापक म्हणतात, ‘तुमच्या लोकांनी लोड जास्त टाकला.’ टाकणारच! भाडं समारंभाचं आणि वायरिंग चार माणसांच्या घराचं, हा कुठला न्याय?

आणि नुसतं ट्रिप झालं, म्हणजे स्विच आपोआप पडला, तर नशीब समजा. खरी भीती सैल न्यूट्रलची, म्हणजे तिन्ही फेजच्या सामाईक परतीच्या तारेची. तिन्ही फेजवर भार कमीजास्त असताना न्यूट्रल सुटला, तर कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज ३०० च्याही वर चढतं. अ‍ॅम्प्लिफायर आणि एलईडीचे ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारे सर्किट) तिथेच जळतात. म्हणून आदल्या दिवशी वायरमनकडून न्यूट्रलची जोडणी आवळून घ्यावी आणि सगळं चालू ठेवून तिन्ही फेज क्लँप मीटरने (तारेभोवती अडकवून अँपिअर मोजणारं यंत्र) मोजावेत. डेकोरेटरला हॅलोजन बंद म्हणून लेखी सांगावं: हजार वॅटचे १२ ‘पार’ लाइट (स्टेजवरचे झोतदिवे) म्हणजे १२ किलोवॅट, एलईडीचे तेवढेच दिवे एका किलोवॅटच्या आत भागतात.

इतकं करूनही जनरेटर लागतोच. ३० किलोवॅटचा भार असेल तर ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) साडेसदतीस केव्हीए होतात; जनरेटरची क्षमता केव्हीएतच सांगतात. मशीनवर क्षमतेच्या पाऊणच भार टाकायचा म्हणून ५० केव्हीएचा सांगावा. जनरेटरची गाडी दिंडी दरवाजातून आत जात नाही, ती गल्लीत उभी राहते आणि केबल लांबते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून ५० मीटरवर १६ अँपिअर नेले तर सुमारे १२ व्होल्ट वाटेतच जातात, तेव्हा मुख्य केबल जाड हवी. उरलेली केबल ड्रमवर गुंडाळून ठेवू देऊ नका. भाराखाली आतले वेढे तापून इन्सुलेशन वितळतं. चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच) जनरेटर वाड्याच्या बोर्डाला जोडू पाहणाऱ्याला तिथूनच परत पाठवावं. जनरेटर किती तास चालला हे दाखवणाऱ्या अवर मीटरचं सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग लिहून सही घ्यावी, नाहीतर डिझेलचं बिल अंदाजाने येतं आणि तो अंदाज कधीच कमी नसतो.

एसी नाही, ही पाहणीच्या वेळी जमेची बाजू वाटली होती. जाड भिंती, दुपारीही गार दिवाणखाना. ते मत आता राहिलेलं नाही. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. २०० पाहुणे म्हणजे २० किलोवॅटची शेगडी. खिडक्या उघड्या असतील तर उंच छतामुळे निभतं. पण शेजाऱ्यांची तक्रार आली की आवाजासाठी खिडक्या लावायला सांगतात आणि तिथून घाम सुरू. करारात ‘खिडक्या किती वाजेपर्यंत उघड्या’ हे कलम घालून घ्या. स्पीकर आतल्या भिंतीकडे तोंड करून, लहान आणि जास्त संख्येने लावले तर कमी आवाजात भागतं.

खिळेबंदीचा नियम मात्र आधी जाच वाटला, आता तोच आवडतो. चुन्याच्या गिलाव्यात खिळा ठोकला की आजूबाजूची पकड सुटते. चिकटपट्टी ओढली की चुन्याची सफेदी पापुद्र्यासकट येते. म्हणून सुट्या चौकटी, पायांत वाळूच्या पिशव्या, खाली नमदा (जाड लोकरी कापड). भिंती झाकायच्याच नसल्यामुळे कापड कमी लागलं आणि सजावटीचं बिल चक्क उतरलं.

लाकडी वरचा मजला नाचासाठी मागू नये. घरासाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा भार धरतात, गर्दीच्या सभागृहाला ५०० चा. वर पंगतही नको, वधूवरांची तयारी एवढंच ठीक.

आमच्या अनामतीतून ‘वायरिंग दुरुस्ती’ म्हणून रक्कम कापली गेली आहे. जो फ्यूज जळाला म्हणतात, त्याचं चिनी मातीचं बूड बुकिंगच्या वेळच्या फोटोतच काळं पडलेलं दिसतं. तो फोटो व्यवस्थापकांना तारखेसकट पाठवला आहे. उत्तर नाही, फोनही उचलत नाहीत.